डीमार्टला स्वस्त विकणं परवडतं कसं, आणि तीन दुकानांच्या मालकाने त्यातून काय उचलावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी तुमची किराणा-जनरलची तीन दुकानं आहेत आणि ती दहावर न्यायची आहेत. जवळच्या शहरात डीमार्ट आहे. डिस्ट्रिब्युटर तुम्हाला साबण ज्या भावात टाकतो, जवळजवळ त्याच भावात तिथे तो गिऱ्हाइकाला मिळतो. कंपन्या त्यांना पडत्या भावात माल देतात का? देत नसतील तर त्यांना हे परवडतं कसं? आणि त्यातलं तुमच्या उपयोगाचं काय?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. डीमार्टमध्ये मी कधी नोकरी केलेली नाही. सुरुवातीची वर्षं साबण-टूथपेस्टच्या एका कंपनीतर्फे मोठ्या दुकानांना माल विकला. नंतर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आलो, सुपरमार्केटच्या एका साखळीची खरेदी पाहिली आणि पुढे दुकानांचं कामकाज. खाली डीमार्टचे जे आकडे आहेत ते कंपनीने वेळोवेळी जाहीर केलेले आहेत. गणितं माझी आहेत.

माल त्यांना तुमच्यापेक्षा स्वस्त पडतो हे खरं. कंपनी थेट त्यांच्या गोदामात माल उतरवते, त्यामुळे मधला डिस्ट्रिब्युटर आणि त्याचे चार-पाच टक्के वाचतात. त्यावर मोठ्या खरेदीची काही स्कीम मिळते. पण अशी थेट खरेदी देशातली प्रत्येक मोठी साखळी करते. डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका बड्या कंपनीच्या काही मालावर बहिष्कार टाकला होता तो याच रागातून, की मोठ्या घाऊक खरेदीदारांना वेगळा भाव आणि आम्हाला वेगळा. म्हणजे स्वस्त खरेदी ही एकट्या डीमार्टची मक्तेदारी नाही. तसं असतं तर सगळ्याच साखळ्या नफ्यात असत्या.

शंभर रुपयांची विक्री घ्या. डीमार्टच्या हिशेबात त्यातले ८५ च्या आसपास मालाच्या खरेदीत जातात. उरलेल्या १५ मधून पगार, वीज, वाहतूक, गोदाम, फूट-तूट, चोरी सगळं भागवून, व्याज-घसारा-कराच्या आधी ८ रुपयांच्या जवळपास हातात राहतात. म्हणजे अख्खं दुकान शंभरातल्या सात रुपयांत चालतं. वीस-बावीस टक्के ढोबळ नफा (विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरतं ते) असूनही वर्षानुवर्षं तोट्यात राहिलेल्या साखळ्या मी जवळून पाहिल्या आहेत, कारण त्यांचा खर्च पंचवीसचा होता. तेव्हा मार्जिन किती यापेक्षा खर्च किती, हा प्रश्न आधी विचारा.

आता हा खर्च सातवर कसा राहतो? लोक लगेच सांगतात, त्यांची जागा स्वतःची आहे, भाडं नाही. वर्तमानपत्रांतही हेच छापून येतं. मला हे अर्धंच पटतं. डीमार्टचं दुकान सरासरी ४० हजार चौरस फुटांच्या आसपास असतं. २०१८-१९ मध्ये त्यांची विक्री दर चौरस फुटामागे वर्षाला ३५ हजार रुपयांच्या वर होती. गुणाकार केला तर एका दुकानाची विक्री वर्षाला १४० कोटी, दिवसाला ४० लाखांच्या घरात येते. समजा याच जागेला त्यांनी महिना ६० रुपये फुटाने भाडं दिलं असतं. फुटामागे वर्षाला ७२० रुपये, म्हणजे विक्रीच्या दोन टक्के. तेच भाडं फुटामागे १२ हजार विकणाऱ्या दुकानाला सहा टक्के पडतं. जागा तीच, भाडं तेच, आणि एकाला दोन तर दुसऱ्याला सहा. हा चार टक्क्यांचा फरक मालकीतून आलेला नाही. तो खपातून आलेला आहे.

उलट बाजूही पाहा. समजा जागा आणि बांधकाम मिळून एका दुकानात ५० कोटी घातले. नऊ टक्क्यांनी त्या पैशाचं व्याज साडेचार कोटी होतं, १४० कोटींच्या विक्रीवर तीन टक्क्यांहून जास्त. म्हणजे पहिल्या वर्षी जागा विकत घेणं भाड्यापेक्षा महागच. ते नफ्या-तोट्याच्या पत्रकात भाडं म्हणून दिसत नाही, एवढंच. मालकीचा खरा फायदा दहा-पंधरा वर्षांनी कळतो. वस्ती वाढते, विक्री चौपट होते, जागेची किंमत मात्र घेतली त्या दिवसाचीच राहते. दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढ मागायला कोणी येत नाही. आणि करार संपला म्हणून जमलेलं दुकान सोडावंही लागत नाही. मोठे भाडेकरार केलेल्या साखळ्यांचं काय होतं याचा दाखला पुढे देतो.

हे धोरण राबवायला वाट पाहू शकणारा पैसा लागतो, आणि डीमार्टची गोष्ट मुख्यतः तीच आहे. डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमानी मूळचे शेअर बाजारातले. १९९९ च्या सुमारास त्यांनी नवी मुंबईत नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली. अपना बाजार म्हणजे १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेली ग्राहक सहकारी संस्था. मुंबईच्या मध्यमवर्गाला ‘एका छताखाली महिन्याचा माल, वाजवी भावात’ ही सवय लावण्यात सहकाराचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. तिकडे वारणानगरला वारणा बाजारने ग्रामीण भागात तेच केलं. नेरुळचा तो नमुना दमानींना पटला नाही. २००० मध्ये डीमार्ट चालवणारी अव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि २००२ मध्ये पवईला डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं.

पुढची आकडेवारी तुमच्या ‘तीनवरून दहा’साठी नीट वाचा. पवईनंतर आठ वर्षांनी, २०१० मध्ये, दुकानं होती जेमतेम २५. मार्च २०१७ मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा १३१. शेअर २९९ रुपयांना दिला होता, २१ मार्चला पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला, तेव्हा कुठे देशाने दखल घेतली. मार्च २०२० मध्ये २१४, मार्च २०२५ मध्ये ४१५. २०२४-२५ ची एकत्रित विक्री ५९ हजार कोटींच्या वर आणि निव्वळ नफा २,७०० कोटींच्या आसपास. पहिल्या आठ वर्षांत २५ आणि शेवटच्या पाचांत दोनशे, या दोन वेगांच्या मधल्या काळात कामाची घडी बसली. हिंदुस्तान युनिलिव्हरमधून २००४ मध्ये आलेले आणि २००७ पासून धुरा सांभाळलेले नेव्हिल नोरोन्हा यांचं श्रेय या घडीत मोठं आहे. दमानींनी पैसा आणि संयम दिला, रोजचं काम या माणसाने लावलं. २०२५ मध्ये नोरोन्हांचे उत्तराधिकारी म्हणून अंशुल आसावा आले, तेही युनिलिव्हरमधूनच. फेब्रुवारी २०२६ पासून सूत्रं त्यांच्याकडे आहेत.

आता तुमच्या सर्वांत कामाचा भाग: पुरवठादाराचे पैसे.

पुस्तकात शिकवतात की सुपरमार्केटने पुरवठादाराच्या पैशावर धंदा करावा. माल पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर घ्यायचा, पंधरा दिवसांत विकायचा, मधले तीस दिवस तो पैसा वापरायचा. जगातल्या मोठमोठ्या साखळ्या हेच करतात. डीमार्टने बरोबर उलटं केलं. त्यांच्या ताळेबंदात पुरवठादारांचं देणं साधारण आठवड्याभराचं असतं आणि मालाचा साठा महिन्याच्या आसपासचा. म्हणजे माल विकला जायच्या आधीच त्याचे पैसे गेलेले असतात. पुस्तकाप्रमाणे हा वेडेपणा.

मी मालविक्रीच्या बाजूला असताना हे कसं दिसायचं ते सांगतो. समजा पुरवठादाराला पैसा वर्षाला बारा टक्क्यांनी पडतो. पंचेचाळीसऐवजी सातव्या दिवशी पैसे आले तर अडतीस दिवसांचं व्याज वाचतं, सव्वा टक्का. तेवढा कॅश डिस्काउंट तो हसत देतो. पण सव्वा टक्का हा किरकोळ भाग झाला. खरी मजा महिनाअखेरीला असते. टार्गेट पूर्ण करायचं आहे, कारखान्यातून माल कमी आला आहे, आणि पाच साखळ्यांच्या ऑर्डर समोर पडल्या आहेत. एकीकडून चार महिन्यांची बिलं अडकली आहेत, दुसरीने डॅमेजच्या नावाखाली परस्पर कापून घेतलंय, तिसरीचा हिशेब जुळवायला एक माणूस कायमचा तिच्या अकाउंट्समध्ये बसवलाय. अशा वेळी गाडी कुणाच्या गोदामाकडे वळते? जो वेळेवर देतो त्याच्या. म्हणून त्याच्या शेल्फवर माल असतो आणि बाकीच्यांच्या शेल्फवर ‘लवकरच येत आहे’ची पट्टी.

शेल्फ रिकामं असणं हा किराण्यातला सर्वांत महाग खर्च आहे आणि तो कुठल्याच हिशेबात लिहिला जात नाही. गिऱ्हाईक तूरडाळ, तेल, साबण, चहा या चार गोष्टींसाठी येतं. त्यातली एक नसली तर उरलेल्या तीनही ते दुसरीकडून घेतं, आणि पुढच्या महिन्याला थेट तिकडेच जातं.

वेळेवर पैसे देण्याचा आणखी एक परिणाम दुकानाच्या आत दिसतो. उधारीवर चालणाऱ्या साखळीला रोकड कमी पडली की ती कंपन्यांकडून इतर मार्गांनी पैसे काढू लागते. मोक्याच्या शेल्फचं भाडं, नवा माल ठेवण्याची फी, जाहिरात पत्रकातल्या चौकटीचे पैसे. मग शेल्फवर खपणारा माल राहत नाही, पैसे देणारा माल बसतो. खरेदी विभागाचा प्रमुख विक्रीपेक्षा या ‘इतर उत्पन्ना’वर खूश असतो. या रोगाचं निदान सोपं आहे: दुकानात शिरताच समोर कधी न ऐकलेल्या सरबताचा डोंगर दिसला, तर ती साखळी पुरवठादाराच्या पैशावर जगते आहे असं खुशाल समजा.

त्याच कारणाने डीमार्टमध्ये निवड कमी असते. शाम्पू मोजक्या कंपन्यांचे, त्यातही खपणारे आकार. पुण्या-मुंबईचं हौशी गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण कमी वाणांत (मालाच्या प्रकारांत) जास्त खप म्हणजे साठा वेगाने फिरतो, म्हणजे विकून पुन्हा भरला जातो. त्यांचा साठा वर्षाला चौदाच्या आसपास वेळा फिरतो. तुमच्या तिन्ही दुकानांचा आकडा काढून पाहा. बहुतेक किराणा-जनरल दुकानांत मी सहा ते आठ पाहिला आहे, आणि त्या दुकानदाराला तो माहीतच नसतो. पंधरा टक्क्यांनी चौदा वेळा फिरलेला रुपया वीस टक्क्यांनी सात वेळा फिरलेल्या रुपयापेक्षा दीडपट कमावतो. हा गुणाकार ज्याच्या अंगवळणी पडला त्याला भाव कमी करायची भीती वाटत नाही.

आपल्याकडच्या एमआरपीचाही त्यांना फायदा आहे. आपल्याकडे पुडक्यावर कमाल किंमत छापलेलीच असते. त्यामुळे ‘एमआरपी अमुक, डीमार्ट तमुक’ अशी पट्टी लावली की स्वस्ताई सिद्ध करायला जाहिरात लागत नाही, ती कंपनीनेच पुडक्यावर छापून दिलेली असते. त्यांची टीव्हीवर मोठी जाहिरात तुम्ही पाहिली आहे का? रोजच भाव कमी असल्याने सेलच्या दिवसाची गडबडही नाही. ज्या साखळ्या वर्षातून काही दिवस प्रचंड सूट देतात त्यांची दुकानं त्या दिवसांत चेंगराचेंगरीने आणि उरलेले दिवस ओसपणाने त्रासलेली असतात. माणसं, गाड्या, गोदाम सगळं त्या चार दिवसांच्या मापाने ठेवावं लागतं. हा खर्च सेलच्या हिशेबात कोणी धरत नाही.

पण फक्त किराण्यावर हे चालत नाही, आणि इथे बरेच नवखे फसतात. डीमार्टच्या विक्रीत निम्म्याहून जास्त खाद्यपदार्थ, साधारण पाचवा हिस्सा साबण-डिटर्जंटसारख्या वस्तू आणि पाव हिश्श्याच्या आसपास कपडे, भांडी, बादल्या, चादरी, खेळणी असा जनरल माल. डाळ-तेलावर सुटतं ते नाममात्र. तुमच्या वहिनी पाच किलो आट्यासाठी जातात आणि येताना स्टीलचे डबे, मुलाचा टी-शर्ट आणि पायपुसणं घेऊन येतात, नफा त्यात आहे. आकड्यात सांगायचं तर २०१९-२० मध्ये १,३०१ कोटी असलेला नफा २०२०-२१ मध्ये १,०९९ कोटींवर आला. टाळेबंदीत किराणा चालू होता, पण कपडे आणि भांडी विकायला बरेच दिवस मनाई होती आणि वेळेवर बंधनं होती. विक्री फारशी पडली नाही, नफा पडला. कुठल्या मालावर घर चालतं ते त्या वर्षाने दाखवून दिलं.

भाजीपाल्याच्या मागे ते कधी फारसे लागले नाहीत. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. भाजीत सडणूक, वजनातली घट आणि रोजचा भाव सांभाळणं, यात चांगली माणसं थकलेली पाहिली आहेत.

साखळी वाढवताना पुढचं दुकान कुठे, यावर डीमार्टचा नियम कंटाळवाणा आहे: आहे त्याच्या जवळ. मुंबई, ठाणे, पुणे, मग गुजरात, मग हैदराबादकडे, आणि एकेका भागात दाट. एकट्या महाराष्ट्रात शंभराहून जास्त दुकानं आहेत, आणि बरीच राज्यं इतक्या वर्षांनीही रिकामी. कारण साधं आहे. एका गोदामातून निघालेली गाडी एका फेरीत दोन-तीन दुकानं भरू शकली पाहिजे. गोदामाची जागा किती टिकते ते मुंबईजवळच्या भिवंडीत दिसतं. भिवंडी हे गोदामांचं गाव झालं त्याला कारण जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यायची, म्हणून माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण तोवर रस्ते, हमाल, वाहतूकदार, गोदामं यांची सगळी वीण भिवंडीत बसली होती. ती आजही तिथेच आहे. डाळी, मसाले, सुकामेवा निवडून पुड्या भरण्याचं काम डीमार्टने आपल्याच अलाइन रिटेल ट्रेड्स या उपकंपनीकडे ठेवलं आहे. सुट्या मालाची प्रत आणि मार्जिन दोन्ही तिथे हातात राहतात.

दुकानातल्या रोजच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात जादू नाही. सकाळी माल उतरवून मोजायचा, दार उघडायच्या आत शेल्फ भरायचं, जुनी तारीख पुढे आणि नवी मागे, रोज काही वाणांची प्रत्यक्ष मोजणी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे काउंटर चालू. डीमार्टमध्ये बाहेर पडताना बिल तपासतात म्हणून लोक चिडतात. त्यात चोर पकडण्याइतकाच हेतू काउंटरवरची चूक पकडण्याचा असतो. सात रुपयांच्या खर्चाची एक काळी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: दुकानातला मोठा कामगारवर्ग कंत्राटी आहे, आणि गर्दीच्या दिवसांत त्या मुलामुलींवर येणारा ताण तुम्ही ट्रॉली ढकलताना पाहिलाच असेल.

घाईचं काय होतं ते दोन साखळ्यांनी दाखवलं. चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुभिक्षाची कल्पना चांगली होती: छोटी दुकानं, एसी नाही, भाव कमी. दहा वर्षं बरी गेली. मग देशभर दुकानं काढायचा सपाटा लागला, २००८ पर्यंत संख्या सोळाशेच्या घरात गेली. पैसा कर्जाचा. २००८ ची मंदी आली, नवा पैसा आटला आणि २००९ च्या सुरुवातीला पगार, भाडी, पुरवठादार सगळंच एकदम थकलं. शेल्फ रिकामी झाली आणि काही महिन्यांत साखळी संपली. दुसरी बिग बझार. किशोर बियाणींनी २००१ मध्ये सुरू केलेली ही साखळी भारतीय गिऱ्हाइकाला ओळखण्यात डीमार्टच्या पुढे होती असं माझं आजही मत आहे. पण कर्ज आणि भाडी वाढत गेली, टाळेबंदीत विक्री थांबली, रिलायन्सला विकण्याचा २०२० चा करार ॲमेझॉनबरोबरच्या वादात अडकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, कारण बऱ्याच जागांचे भाडेकरार तोवर तिच्या नावावर झाले होते. पाटी एकाची आणि जागा दुसऱ्याची असली की काय होतं, त्याचा वर म्हटलेला दाखला तो हाच. जुलै २०२२ मध्ये बिग बझार चालवणारी फ्युचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

डीमार्टनेही बाहेरचा पैसा घेतला. २०१७ च्या समभाग विक्रीतून १,८७० कोटी, फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी ४,०९८ कोटी. पण दोन्ही वेळा भांडवल म्हणून, कर्ज म्हणून नव्हे. दुकान जमायला तीन वर्षं लागली तरी हप्ता मागायला कोणी दारात येत नाही.

याचा अर्थ त्यांचं सगळं सुरळीत आहे असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाही निकाल आले तेव्हा दोन वर्षांहून जुन्या दुकानांची वाढ फक्त ५.५ टक्के होती, आणि महानगरांतल्या जास्त खपाच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय असं नोरोन्हांनीच सांगितलं. लगेचच्या व्यवहाराच्या दिवशी शेअर आठ टक्क्यांच्या वर कोसळला. दहा-पंधरा मिनिटांत कोथिंबीर आणि ब्रेड दारात येत असेल तर बोरिवलीचा माणूस रांगेत का उभा राहील? त्यांची स्वतःची डीमार्ट रेडी ही ऑनलाइन सेवा डिसेंबर २०१६ पासून आहे, आधी बराच भर ‘ऑर्डर करा आणि केंद्रावरून घेऊन जा’ यावर, पुढे घरपोचावर. ती अजून तोट्यात चालते. शंभरात सात रुपयांत दुकान चालवणाऱ्याला पिशवी घरी नेऊन देण्याचा खर्च कुठे बसवायचा हे कोडं सुटलेलं नाही. महिन्याचं मोठं सामान दुकानात आणि रोजचं किरकोळ फोनवर अशी वाटणी शहरांत होईल असा माझा अंदाज आहे. तुमच्या गावात ही वेळ यायला थोडा अवकाश आहे.

आता तुमची तीन दुकानं. सर्फ आणि पारले-जीच्या भावात डीमार्टशी लढू नका. दिवाळीच्या तोंडावर शेजारपाजारचे छोटे दुकानदारच डीमार्टमधून माल भरून आणतात हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच काही वस्तूंवर बिलामागे नगांची मर्यादा असते. शंभर-सव्वाशे वस्तू अशा निवडा ज्यांचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ आहेत. त्यांच्यावर डीमार्टच्या दोन-तीन टक्के आत-बाहेर राहा, बाकीच्यांवर नेहमीचं मार्जिन घ्या. पंचवीस किलोमीटर जाऊन-येऊन पेट्रोल आणि अर्धा दिवस घालवणाऱ्याला तेवढा फरक चालतो.

डिस्ट्रिब्युटरकडची उधारी पंधरा दिवसांवर आणा आणि त्या बदल्यात कॅश डिस्काउंटपेक्षा आधी मालाची हमी मागा. स्थानिक गृहउद्योगांचे पापड, लोणची, मसाले घेत असाल आणि ते उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले उत्पादक असतील, तर पैसे देण्याची मुदत आता कायद्यानेही तुमच्या गळ्यात आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. वर्षअखेर या मुदतीबाहेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा होत नाही, सीएला विचारून घ्या.

ज्वारी, तांदूळ, डाळी, शेंगदाणे स्वतः निवडून एक-पाच-दहा किलोच्या पिशव्या भरणं हा तुमच्यासाठी सर्वांत चांगला धंदा आहे. आसपासच्या बाजार समितीत कुणाचा माल कसा आहे हे तुम्हाला भिवंडीत बसलेल्या माणसापेक्षा जास्त कळतं. अन्न परवाना आणि वजनमापे खात्याकडची पॅकर नोंदणी आधी करून घ्या. पुडीवर निव्वळ वजन, किंमत, तारीख, पत्ता हे सगळं लागतं. जागा असेल तर एका भिंतीला स्टील आणि प्लॅस्टिकची भांडी लावा.

चौथं दुकान तुमच्या गोदामापासून एका टेम्पोच्या सकाळच्या फेरीत बसेल तिथेच काढा. जागा विकत घ्यायच्या फंदात आत्ता पडू नका. तुमच्या खपाला तो पैसा मालात फिरलेला बरा. पण करार किमान नऊ वर्षांचा आणि नोंदणी केलेला हवा, आणि भाडं अपेक्षित विक्रीच्या तीन टक्क्यांच्या वर जात असेल तर जागा कितीही मोक्याची असो, सोडा. ‘विक्री वाढली की टक्का खाली येईल’ हे मालक, दलाल आणि आपलं मन असे तिघंही सांगतात.

तिन्ही दुकानांचं क्षेत्रफळ, महिन्याची विक्री, भाडं, ३१ मार्चचा साठा आणि डिस्ट्रिब्युटरांचं एकूण देणं, एवढे पाच आकडे दुकानवार कळवा. चौथ्या दुकानाला किती भांडवल लागेल आणि ते किती महिन्यांत स्वतःच्या पायावर उभं राहील, ते मांडून देतो.